अपंगत्व निवृत्तिवेतन अपील

हिमदंश, सपाट तळवे, घोट्याची दुखापत अशा पायाच्या विकारांवर नाकारलेले निवृत्तिवेतन मिळवण्यासाठी माजी सैनिकाने केलेली दाद. आधी लष्कराकडे पहिले व दुसरे अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण (कायदा २००७). छत्तीसगडमधील भिलाईच्या सैनिकासाठी जबलपूर, तर महाराष्ट्र व गोव्यासाठी मुंबई खंडपीठ. खरा कस लागतो तो ‘विकार सेवेमुळे नाही’ या वैद्यकीय मंडळाच्या शेऱ्यावर. धर्मवीर सिंह खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या निवृत्तिवेतन पात्रता नियमांचा अर्थ स्पष्ट केला: भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार सेवेतलाच मानावा, उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. थकलेल्या जवानाला याहून मोठा आधार नाही. म्हणूनच भरतीच्या तपासणीचे कागद जपणे अत्यावश्यक.