गोड्या पाण्यातील स्पंज : अश्म आणि रेणू यांची साक्ष

पश्चिम भारतातील स्पंजांच्या अभ्यासाचा आरंभ हेन्री जॉन कार्टर (१८१३–१८९५) या मुंबईतील शल्यवैद्यापासून धरावा लागतो. मुंबई बेटावरील तळ्यांतील स्पंजांचे त्यांनी केलेले वर्णन १८४९ साली प्रसिद्ध झाले. १८५२ साली त्याच बेटाच्या भूस्तरांवरील त्यांचा निबंध आला. सजीव स्पंज आणि लाव्हाथरांमधील जीवाश्म हे दोन्ही विषय एकाच अभ्यासकाने हाताळले. तथापि त्यांना एका वंशेतिहासात गुंफणारा डार्विनचा ग्रंथ निघण्यास अद्याप सात वर्षांचा अवकाश होता. १८६३ साली बाउअरबँक यांनी मुंबईच्या एका जातीस कार्टर यांचे नाव दिले. तीच आजची युनॅपियस कार्टेराय होय.

तळे आटले की स्पंजाचा देह नष्ट होतो, परंतु जेम्यूल ही टणक कवचाची सूक्ष्म गुटिका तग धरते आणि पाणी येताच तीतून नवा स्पंज निर्माण होतो. तिच्या कवचातील सिलिकेच्या कंटिका जातिपरत्वे भिन्न असल्यामुळे वर्गीकरण मुख्यतः त्यांवर उभारले गेले. या कंटिका अश्मीभूतही होतात. अर्जेंटिनातील चुबुत प्रांतातून १९७२ साली वर्णिलेल्या पॅलिओस्पाँजिला या क्रिटेशसकालीन जीवाश्मात जेम्यूल टिकून आहेत. अर्थात ही योजना दख्खनच्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाहूनही प्राचीन ठरते.

मात्र केवळ बाह्य लक्षणांवर विसंबणे धोक्याचे आहे. बैकल सरोवरातील स्पंजांना जेम्यूल नसतात, म्हणून त्यांचे स्वतंत्र कुल मानले गेले. रेण्वीय तुलनेत ते जेम्यूलधारी स्पंजांचेच निकटचे आप्त ठरले. म्हणजे जेम्यूल मागाहून लोपले. उलटपक्षी, रेणू शाखांचा क्रम सांगतात; वर्षांचे माप मात्र जीवाश्मांकडूनच घ्यावे लागते. समग्र स्पंजसंघाचा उगम रेण्वीय गणना साठ कोटी वर्षांपलीकडे नेते, तर निर्विवाद कंटिका कँब्रियन काळापासूनच मिळतात. हे अंतर अद्याप मिटलेले नाही.

पुणे परिसरातील पाच जातींची नोंद २०१३ साली प्रसिद्ध झाली. पुढे २०१६ साली युनॅपियस कार्टेराय व कॉर्वोस्पाँजिला लॅपिडोसा यांच्या देहांतील विविध जीवाणूंचाही क्रमनिर्धारणाने शोध घेण्यात आला. स्पंजातून काढलेले डीएनए अशा पाहुण्यांच्या डीएनएशी मिसळलेले असते, हे येथे ध्यानात घ्यावे. म्हणून नमुना, कंटिकांची काचपट्टी आणि रेण्वीय क्रम ही तिन्ही एकत्र जतन करणे अगत्याचे आहे. नमुना हरवला तर तो क्रम कोणत्या जीवाचा, हे पुन्हा पडताळता येत नाही.