रेडिएटर, मोटारीचा : आरंभीच्या रचना व त्यांची कसोटी

सिलिंडरमध्ये जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेचा जो मोठा अंश चाकांपर्यंत न पोचता धातूतच मुरतो, तो पाण्याच्या द्वारे वाहून आणून हवेच्या हवाली करणारे साधन. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी उकळून वाफेच्या रूपाने निघून जाई व वरचेवर भरावे लागे. पुढे पंख लावलेल्या नळ्या प्रचारात आल्या. आणि १९०० साली विल्हेल्म मायबाख याने मर्सिडीझ गाडीसाठी ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकत्र डाखून मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर सिद्ध केला, त्याच्या पाठीशी पंखा बसविला आणि पाण्याची गरज अवघ्या ९ लिटरांवर आणली.

परीक्षेची रीत सरळ आहे : आत शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तपमान, दर मिनिटास वाहणारे पाणी आणि समोरून येणाऱ्या हवेचा वेग ही मोजली, की किती उष्णता टाकली गेली याचा हिशेब मिळतो. परंतु थंड मुलखात काढलेला हा हिशेब आपल्याकडे जसाच्या तसा लावणे घातक आहे, हे आग्रहपूर्वक नमूद केले पाहिजे. कारण टाकली जाणारी उष्णता पाणी व हवा यांच्या तपमानांतील अंतरावर अवलंबून असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील येरवड्यास पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळू लागते आणि एप्रिलातील दुपारी हवा ४० अंशांस पोचते, म्हणजे उरते अंतर ५८ अंशांचे. समुद्रकाठच्या एखाद्या १५ अंशांच्या गावी तेच ८५ भरते. सारांश, तोच रेडिएटर, तितक्याच वाऱ्यात, येथे तिकडच्या दोन-तृतीयांश कामाचा.

तरीही बंडगार्डनजवळच्या १८६९ च्या पुलावरून येरवड्यास येऊन नगरकडे जाणाऱ्या सपाट सडकेवर हा उणेपणा सहसा उघडकीस येत नसे, कारण गाडीच्या वेगानेच वारा मिळे. खरी कसोटी होती ती १८३० साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या सडकेवर. तेथे इंजिन पूर्ण जोर लावी, गाडी मात्र पावलागणिक सरके. त्यातून पश्चिमेचा वारा पाठीवर असला, तर जाळीतून शिरणारी हवा जवळजवळ थांबे. पंप नसलेल्या, तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते या तत्त्वावर चालणाऱ्या गाड्यांची येथे विशेष अडचण होई : पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली, की अभिसरणच तुटे. मग बॉनेट उघडून इंजिन निवू द्यायचे, ओले फडके धरून झाकण थोडे सैल करायचे, वाफेचा पहिला लोट जाऊ द्यायचा आणि इंजिन चालू ठेवूनच हळूहळू पाणी ओतायचे; तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडल्यास ओतीव सिलिंडरला तडा जाण्याचे भय असे. विहिरीचे जड पाणी वारंवार भरल्याने बारीक नळ्यांत क्षार साचत व नव्याने उत्तम ठरलेला रेडिएटर काही काळाने नापास होई. म्हणून केवळ कोऱ्या नमुन्यावर घेतलेली परीक्षा अपुरी समजावी.

पुढे दाबाचे झाकण प्रचारात आले. चौरस इंचास दर पौंड अधिक दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वर जात असल्यामुळे उंचीमुळे येणारी तूट त्याने भरून निघाली व शीतनास अधिक वावही मिळाला.