परभाषिकांची मराठी आणि सिंहासनाच्या बत्तीस पुतळ्या

नवीन पनवेलजवळचे विचुंबे आता नावापुरतेच खेडे उरले आहे. नव्या इमारतींत देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांची मराठीशी खरी गाठ पडते ती शाळेत. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. परभाषिकाला मराठी शिकवायची तर सुरुवात कशाने करावी, हा प्रश्न मात्र दोनशे वर्षांहून जुना आहे.

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम कॅरी हे ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण इंग्रज नोकरांना मराठी शिकवीत. त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये शब्दकोश प्रसिद्ध केला. तथापि, केवळ व्याकरण-कोशावर भाषा येत नाही. पुढे श्रीरामपूरच्या छापखान्यातून पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने 'सिंहासन बत्तीशी' (१८१४) व 'हितोपदेश' (१८१५) निघाले, तेही दफ्तरी व्यवहाराच्या मोडी लिपीत. मराठी गद्याची आरंभीची मुद्रित पुस्तके म्हणजे अशी परक्यांसाठी छापलेल्या गोष्टींची! भोजराजा सिंहासनावर चढू लागतो, पुतळी त्याला अडवते, विक्रमाची कथा सांगते. पुन्हा दुसरी पुतळी. प्रसंग नवा, चौकट तीच.

अद्भुतकथेचे सामर्थ्य या पुनरुक्तीत आहे. आपल्याकडच्या 'परीकथां'त पऱ्या तशा कमीच. म्हातारी आणि भोपळाच अधिक. ही म्हातारी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक श्वापदाला एकच उत्तर देते, आणि ऐकणाऱ्याच्या कानात भविष्यकाळाची रूपे आपोआप बसतात. पावसात भिजलेला कावळा चिमणीचे दार ठोठावतो, तेव्हा ती दर वेळी बाळाचे नवे काम पुढे करून त्याला थांबवते. अंघोळ, कपडे, काजळ असे घरातले शब्द ओळीने येतात. नेमकी हीच पुनरुक्ती संक्षेपाच्या नावाखाली गाळली, तर शिकणाऱ्याच्या हाती नुसते कथानक उरते.

पनवेल परिसरात आणखी एक अडचण आहे. पुस्तकातली मराठी प्रमाण, तर गावातल्या जुन्या घरांतली आगरी वळणाची. गोष्ट आधीच ठाऊक असेल, तर शेजारच्या आजीने ती आगरीत सांगितली तरी मुलाला आशय कळतो. अनोळखी रूपांचा अर्थ ते प्रसंगावरून लावते आणि पुढे काय होणार, हे आजीच्या आधी सांगून मोकळे होते.