गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगची कुळकथा

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत अथवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीलगत, मोटारींत हौसेचे फेरफार करून देणाऱ्या एखाद्या दुकानी, नवी वेगवान गाडी घेतलेला तरुण लोअरिंग स्प्रिंगची चौकशी करू लागला, म्हणजे त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: गाडी किती खाली येईल? या प्रश्नात वावगे असे काही नाही. परंतु या वस्तूचे कूळ शोधीत मागे जावे तो असे आढळते की, ज्या ज्या कारागिरांनी आजवर वाहन जमिनीच्या जवळ आणले, त्यांनी उंचीचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला. त्यांच्या विचारात प्रथम रस्ता होता, नंतर त्या रस्त्याला साजेसा कमानीचा ताठपणा होता, आणि उंची ही या दोहोंच्या हिशेबातून उरलेली बाकी होती. आजच्या बाजारात हा क्रम नेमका उलटा झाला आहे.

लंडनच्या ओबाडाया एलियट नावाच्या गाडी बांधणाऱ्या कारागिराने १८०४ च्या सुमारास लंबवर्तुळाकृती कमानीची सनद मिळविली, तेथून ही कथा सुरू करणे उचित होईल. तत्पूर्वी घोडागाडीचे पुढचे व मागचे आस एका जाड लाकडी तुळईने जोडलेले असत आणि गाडीचा पेटारा त्या तुळईवर चामडी पट्ट्यांनी टांगलेला असे. सबब गाडी जड, उंच आणि वळणावर कलंडण्यास सदैव सिद्ध. एलियटने पोलादी पाट्यांची जोडकमान थेट आसावर बसविली, पेटारा तिच्यावर ठेवला आणि तुळई काढूनच टाकली. गाडी हलकी झाली, तशीच ती खालीही आली. म्हणजे मोटारीचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी कमानीच्या योगे वाहन खाली बसविण्याचा उद्योग सिद्धीस गेला होता. त्यानंतरच्या दशकांत मॅकॅडमच्या पद्धतीने ठेचलेल्या खडीचे, मधोमध किंचित फुगीर आणि पाणी निचरणारे रस्ते इंग्लंडात पसरले, आणि त्या रस्त्यांच्या आधारावरच हलक्या, खुज्या गाड्यांचे युग अवतरले. रस्ता सुधारला आणि वाहन खाली उतरले, हा या कुळाचा पहिला दाखला होय.

आपल्या मुंबई इलाख्यात याच गोष्टीची पुनरावृत्ती काहीशा उशिराने झाली. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणास जाऊन भिडला. रुळांचा गुळगुळीत मार्ग लाभलेल्या त्या डब्यांखाली पाट्यांच्या कमानी होत्या, तर खेड्यांच्या वाटेवरील खाचराला कमान मुळीच नव्हती, केवळ मोठे चाक होते. खड्ड्याला मोठ्या चाकाने उत्तर द्यावे आणि सपाट मार्गाला छोट्या चाकाने व मऊ कमानीने, हा व्यवहार गाडीवानांना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होता.

पाट्यांची कमान ही या कुळातील थोरली शाखा; गुंडाळीची स्प्रिंग ही धाकटी. गुंडाळीचे पेटंट इंग्लंडात १७६३ साली ट्रेडवेल याने घेतले होते, आणि तिच्यामागील सिद्धांत त्याहूनही जुना होता. रॉबर्ट हुक याने १६७६ साली अक्षरांच्या कोड्यात लपवून ठेवलेला आणि १६७८ साली उलगडून सांगितलेला नियम असा की, स्प्रिंगवर जितका भार तितकी तिची दब. पुढे गणितज्ञांनी गुंडाळीचा ताठपणा तिच्या मापांवरून काढण्याचे सूत्र सिद्ध केले, आणि ते सूत्र खरेदीदाराने ध्यानी ठेवावे इतके उपयुक्त आहे: तारेचा व्यास वाढला तर ताठपणा त्याच्या चौथ्या घाताने वाढतो, वेढ्याचा व्यास वाढला तर तो तिसऱ्या घाताने घटतो, आणि वेढ्यांची संख्या घटली तर तो त्याच प्रमाणात वाढतो. तारेची जाडी दहा टक्क्यांनी वाढविली की ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी चढतो, इतका हा हिशेब कठोर आहे.

असे असूनही मोटारीने गुंडाळीला बराच काळ दारात उभे केले नाही, याचे कारण पाट्याचे गुण. पाटा केवळ भार तोलीत नाही. तो आसाला जागच्या जागी धरून ठेवतो, आणि पाने एकमेकांवर घासत असल्यामुळे उसळीही आपोआप शमवितो. गुंडाळीला ही दोन्ही कामे येत नाहीत. तिला धरून ठेवण्यास दांडे लागतात आणि तिची उसळी मोडण्यास शॉक ॲब्सॉर्बर, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री ‘शॉकप’ म्हणतात. लान्चियाच्या लॅम्ब्डा गाडीने १९२२ साली पुढच्या चाकांना स्वतंत्र गुंडाळ्या दिल्या. परंतु या विषयाला शास्त्राची बैठक मिळाली ती रोल्स-रॉइस सोडून १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्यामुळे. त्याने एका चाचणीच्या गाडीवर पुढेमागे सरकविता येणारी वजने बसवून असा निष्कर्ष काढला की, पुढची स्प्रिंग मागच्याहून मऊ असली पाहिजे. कारण उंचवटा प्रथम पुढच्या चाकाला भेटतो, आणि मागची बाजू जरा जलद गतीने झुलली तरच ती पुढच्या झोक्याला गाठते व गाडी डुलत न राहता सपाट चालते. १९३४ च्या कॅडिलॅक-ब्यूकमध्ये हे तत्त्व रस्त्यावर आले. तेव्हापासून मोटारीच्या चार स्प्रिंगा या चार स्वतंत्र वस्तू राहिल्या नाहीत, एकच परस्परबद्ध संच झाल्या. आणि ज्याने केवळ पुढचे तोंड खाली दिसावे म्हणून पुढचाच जोड बदलला, त्याने ऑलीचा हा समतोल मोडला असे समजावे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फियाट ११०० निघू लागली आणि १९७० च्या दशकात पद्मिनी या नावाने घरोघर पोहोचली, तिच्यात या कुळाच्या दोन्ही शाखा एकत्र नांदत होत्या: पुढे गुंडाळी, मागे पाटे. शॉकपचा देशी उद्योगही याच पट्ट्यात उभा राहिला. क्लीव्हलंड येथे भोंगे बनविणाऱ्या कारखान्यातून वाढलेल्या गॅब्रिएल या नावाने १९६१ साली भारतीय कंपनी स्थापन झाली, आणि तिचा कारखाना ठाण्याच्या वेशीलगतच्या मुलुंडला उघडला. पुढच्याच वर्षी राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात येऊन वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली, आणि लेथ, भट्टी व सुटे भाग यांची वस्ती कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत सलग झाली.

परंतु त्या काळी गाडी खाली आणण्याची स्प्रिंग विकत मिळत नसे; ती कापून करावी लागे. शर्यतीचा नाद असलेला मालक पद्मिनीची पुढची गुंडाळी काढून मिस्त्रीच्या हवाली करी आणि मिस्त्री तिचा एखादा वेढा छाटून देई. आठ चालत्या वेढ्यांतून एक गेला की उरलेल्या सातांचा ताठपणा सुमारे १४ टक्क्यांनी वाढे, म्हणून ही युक्ती शास्त्राला अगदीच सोडून नव्हती. दोष होता तो हत्यारात. गॅसच्या ज्योतीने कापलेल्या जागी पोलादाला दिलेले पाणी उतरे, तेथून पुढे स्प्रिंग बसत जाई वा तुटे. शिवाय कापलेले टोक बैठकीवर नीट टेकत नसे. मागच्या पाट्यांना तर कापण्याची सोयच नव्हती. त्यांची कमान भट्टीत उतरवून घ्यावी लागे.

या परिसराच्या इतिहासात एक विलक्षण योग आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीजवळ प्रीमियरचा जो दुसरा कारखाना होता, तेथे १९९४ ते १९९७ या अल्प मुदतीत प्यूजो ३०९ ही फ्रेंच गाडी तयार झाली, आणि तिच्या मागच्या चाकांना पाटेही नव्हते, गुंडाळीही नव्हती. पोर्शेने १९३१ साली पेटंट केलेल्या पिळदांड्याच्या जातीची तिची रचना. आडव्या पोलादी दांड्याने पीळ खाऊन भार तोलावयाचा. अशी गाडी मागून खाली आणावयाची तर नवी स्प्रिंग खरेदी करून भागत नाही. दांड्याच्या टोकाचे दाते सोडवून तो मोजून फिरवावा लागतो, आणि त्याने उंची बदलली तरी दांड्याचा ताठपणा तसूभरही बदलत नाही. उंची आणि ताठपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या रचनेइतके स्वच्छ दुसरी कोणतीही दाखवीत नाही. तो कारखाना आता नाही. त्या परिसरात गृहसंकुले उभी आहेत.

विकत मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगचे माहेर जर्मनीतील झाउअरलांड हा डोंगराळ प्रदेश होय, जेथे लोखंडकामाची परंपरा पुरातन आहे. हाइनरिश आयबाख यांनी १९५१ साली फिनेनट्रोप येथे स्प्रिंगांचा कारखाना काढला, आणि पुढे शर्यतीच्या गाड्यांमुळे त्याचे नाव झाले. शेजारच्या लेनेश्टाटमध्ये एच अँड आर हे दुसरे नामांकित घराणे उदयास आले. गोल्फ जीटीआय ही १९७६ ची गाडी कंपनीनेच साध्या गोल्फहून खाली बसविली होती, आणि तिच्या लोकप्रियतेने सामान्य मालकालाही या प्रकाराची गोडी लागली. मात्र त्या देशी अशा स्प्रिंगबरोबर तपासणी संस्थेचा दाखला येतो, व तो गाडीच्या कागदपत्रांशी जोडावा लागतो. रस्ता ऑटोबानचा, आणि बंदोबस्त दफ्तराचा; या दोन गृहीतांवर ती वस्तू घडलेली आहे.

तीच स्प्रिंग ठाण्यास आली म्हणजे गृहीते बदलतात, हे एका हिशेबाने पाहू. चाकणला तयार झालेली पोलो ही गाडी भारतीय रस्त्यांसाठी मूळ युरोपीय गाडीहून उंच केलेली होती. म्हणून युरोपातील उंची धरून ‘३५ मि.मी. खाली’ असे लिहिलेली स्प्रिंग येथे त्याहून अधिक खाली आणते. तरीही ३५ च धरू, आणि गाडीच्या पोटाखाली समजा १६८ मि.मी. जागा आहे असे मानू, उरली १३३. आता गणपतीसाठी कोकणात निघालेले कुटुंब व त्यांचे सामान यांनी मागच्या आसावर दीडशे किलो चढविले, आणि मागच्या प्रत्येक चाकाशी ताठपणा मिलिमीटरमागे दोन किलो असला, तर गाडी मागून आणखी सुमारे ३७ मि.मी. दबेल, मागच्या बाजूस उरले ९६. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधकाची उंची १०० मि.मी. आणि रुंदी ३.७ मीटर असावयास हवी, व तसा ऐसपैस गतिरोधक भरली गाडीही सावकाश ओलांडील. परंतु मानपाडा रस्त्यालगतच्या गल्ल्यांतील वा सोसायटीच्या फाटकातील गतिरोधक हे मानक वाचून बांधलेले नसतात, आणि तेथे प्रथम सायलेन्सर घासतो, मग कधीतरी इंजिनाखालचे तेलाचे चेंबर फुटते.

दुसरा हिशेब झोक्याचा. गाडी सेकंदास एकदा झुलावी तर तिच्या वजनाने स्प्रिंग सुमारे २५ सें.मी. दबलेली असावी लागते. दीडदा झुलावी तर ११. आणि दोनदा झुलावी तर केवळ ६. सुखासन पहिल्या दोन अंकांच्या दरम्यान आहे, शर्यत तिसऱ्याच्या पलीकडे. खाली आणलेल्या गाडीला चाक वर सरकण्यास जागा कमी उरते, म्हणून स्प्रिंग ताठ करणे भागच असते. ती पुरेशी ताठ नसेल, तर प्रत्येक खड्ड्यात शॉकपच्या दांड्यावरील रबरी अडसर आपटतो आणि त्या क्षणी गाडीची स्प्रिंग म्हणजे तो रबराचा तुकडाच होतो. जुना शॉकप मऊ स्प्रिंगच्या बेताने घडविलेला असल्यामुळे ताठ स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही. आणि फोर्डच्या मॅकफर्सनने रूढ केलेल्या, हल्लीच्या बहुतेक गाड्यांत असलेल्या पुढच्या रचनेत एक छुपी अट आहे: गाडी फार खाली आली की खालचा दांडा आडव्या रेषेच्या खाली झुकतो, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्याहून अधिक वेगाने खाली जातो, आणि वळणावर कलण्याची प्रवृत्ती वाढते, म्हणजे ज्या हेतूने खर्च केला, त्याच हेतूला बाधा येते. चाकांचा कोन बदलून टायर आतल्या कडेने झिजतात ते निराळेच, म्हणून स्प्रिंग बदलल्यावर अलाइनमेंट पुन्हा करून घेणे आवश्यक ठरते.

कायद्याची बाजूही याच हिशेबात मांडावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मना आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हा निर्बंध कडकपणे वाचला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफाराला मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. सबब एमएच-०४ असो की एमएच-०५, आपल्या परिवहन कार्यालयाचा आणि विमा कंपनीचा अभिप्राय लेखी घेतल्यावाचून गाडी जॅकवर चढवू नये.

२०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा भिवंडी तालुक्यातील आमणे येथे येऊन पूर्ण झाला, आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा मार्ग आपल्या जिल्ह्याशी जोडला गेला. मॅकॅडमच्या खडीने एलियटच्या गाडीला जो आधार दिला, तोच हा सिमेंटचा पट्टा आजच्या खुज्या गाडीला देईल यात शंका नाही. परंतु आमण्यास पोहोचेपर्यंतचा रस्ता ज्याचा त्यालाच तुडवावयाचा आहे. म्हणून ठाण्या-कल्याणच्या खरेदीदाराने आपल्या रोजच्या वाटेवरील सर्वांत वाईट गतिरोधक आणि वर्षातील सर्वांत भरलेला प्रवास प्रथम ठरवावा, त्यांतून किती जागा शिल्लक ठेवलीच पाहिजे ते काढावे, मग शॉकपला पेलेल असा ताठपणा निवडावा, आणि चारही स्प्रिंगा एकाच कारखान्याच्या, एकाच संचातील घ्याव्या. एवढे करून २० मि.मी. उरले, तर गाडी २० मि.मी. खाली घ्यावी, काहीच उरले नाही, तर मूळच्या स्प्रिंगवर उत्तम टायर व नवा शॉकप यांनी समाधान मानावे. वळणावरचा आनंद त्या दोहोंतूनही मिळतो, आणि तो चेंबरच्या किमतीत मोजावा लागत नाही.