रेडिओचा कान आणि चाळीस पिना

व्हॉल्व्हच्या रेडिओच्या दिवसांत आवाज वाढवायचा म्हणजे रेडिओचा 'कान' पिळायचा. त्या गुंडीच्या पोटात घोड्याच्या नालेसारखा वाकवलेला कार्बनचा पट्टा असे, आणि त्यावरून धातूची एक जीभ सरकत असे. जीभ जिथे टेकेल त्या प्रमाणात कमी-अधिक वीज पुढे जाई. गुंडी कुठे थांबली आहे ते अंधारातही बोटांना कळे.

संगणक आले आणि आवाजाचे आकडे झाले. गुंडी गेली, पडद्यावर तिचे चित्र उरले. ज्याला नीट दिसत नाही, किंवा ज्याचे हात मातीने, खडूने भरले आहेत, त्याने त्या चित्राचे काय करावे?

हात आणि यंत्र यांचे हे नाते पुन्हा जोडण्याचा एक प्रयत्न इंग्लंडात झाला. १९८१ साली केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीसाठी शिक्षणाचा संगणक बनवला. एका नभोवाणी संस्थेने शाळांसाठी संगणक काढावा, हे मला फार मोलाचे वाटते. त्याच्या 'बी' प्रकाराला बाहेरच्या तारा जोडायला जागा होती, आणि कमी-अधिक होणारी वीज मोजणाऱ्या चार वाटाही होत्या. कार्बनची गुंडी तिथे सरळ जोडता येई.

लहानपणी हाच संगणक वापरलेल्या एबेन अप्टन यांनी सहकाऱ्यांसह रास्पबेरी पाय घडवला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला. एटीएम कार्डाएवढ्या एका पाटीवर सगळा संगणक, आणि कडेला उघड्या २६ पिना. २०१४ च्या नव्या प्रकारात त्या ४० झाल्या. पण गंमत बघा, जुन्या यंत्राला जे येत होते ते या पिनांना येत नाही. त्यांना फक्त 'आहे' आणि 'नाही' कळते. वीज किती आहे ते मोजता येत नाही. कार्बनची गुंडी जोडायची तर मध्ये मोजणी करणारी वेगळी चिप बसवावी लागते.

दुसरा मार्ग अधिक हुशारीचा आहे. गोल फिरणाऱ्या दांड्याखाली दोन स्विच बसवायचे, एक किंचित पुढे, एक मागे. पाटात दोन माणसे उभी केली आणि पाणी सोडले, तर कुणाचे पाय आधी भिजले त्यावरून पाणी कुणीकडून आले ते कळते ना? तसेच हे. कोणता स्विच आधी लागला त्यावरून संगणक दिशा ओळखतो आणि आवाज एक पायरी चढवतो किंवा उतरवतो. दोन्ही स्विचांची स्थिती ००, ०१, ११, १० अशी फिरते. एका वेळी एकच अंक बदलतो, म्हणून घोटाळा होत नाही. या पद्धतीला बेल प्रयोगशाळेतल्या फ्रँक ग्रे यांचे नाव आहे. १९४७ साली त्यांनी पेटंटचा अर्ज केला, १९५३ साली ते मिळाले. आणि तो खटाटोप होता कशासाठी, तर बोलण्याचे स्पंदांत रूपांतर करून ते दूर पाठवण्यासाठी! आवाजासाठी वापरलेली युक्ती अशी आवाजाच्याच गुंडीत येऊन बसली.

एक अडचण मात्र राहते. स्विच लागताना क्षणभर थरथरतो, आणि एका पायरीच्या चार मोजल्या जातात. म्हणून काही सहस्रांश सेकंद थांबून मग मोज, असे संगणकाला सांगावे लागते. शिवाय ही गुंडी कितीही फिरते, तिला शेवट नाही. त्यामुळे सेट लावण्यापूर्वी आवाज किती येईल ते हाताला कळत नाही. या बाबतीत जुना कानच बरा, असे माझे मत.

शाळेत हे करून पाहायचे असेल, तर गुंडीचा मधला पाय भूमीच्या पिनेला आणि कडेचे दोन पाय साध्या दोन पिनांना जोडावेत. त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. शेजारच्याच ५ व्होल्टच्या पिनेची तार चुकून त्यांना लागली, तर चिप जळू शकते. १२, ३५ आणि ४० या पिना मात्र मोकळ्या ठेवाव्यात. फिलिप्स कंपनीने १९८६ साली ठरवलेल्या पद्धतीने आवाजाचे आकडे त्यांतूनच बाहेर पडतात, आणि पुढची लहानशी चिप त्यांचा पुन्हा आवाज करते.