स्वतंत्रपूर : पूर्वज नसलेले गाव

एस.टी.त दोन अनोळखी माणसे शेजारी बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'पाव्हणं, गाव कोणतं?' उत्तर मिळाले की दुसरा येतो, 'मूळ गाव?' या दुसऱ्या प्रश्नाशी आम्हा मुसलमानांची नेहमीची गाठ. पिढ्यान्‌पिढ्या एकाच शिवारात गेल्या, बापजाद्यांच्या कबरी गावातच आहेत, तरी 'त्याच्याही आधी कुठले?' हे विचारणाऱ्याच्या नजरेत उरतेच. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, त्यात मुलाणी आहे. बकरे हलाल करणे हे त्याचे काम आणि त्याबद्दल धान्याचा वाटा. म्हणजे गावाच्या घडणीत आम्ही होतोच. पण गावगाड्यात माणसाची जागा पूर्वजांवरून आणि वतनावरून ठरे. ज्याच्याजवळ वतन नाही आणि नावही डागाळलेले, त्याने कुठे जावे?

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ एक छोटी वसाहत आहे, स्वतंत्रपूर. गमतीचा भाग असा की तिथे राहणारे सगळे कर्ते पुरुष कैदी. बंदिस्त तुरुंगात काही वर्षे काढून चांगली वर्तणूक दाखवलेल्या मोजक्या कैद्यांना इथे पाठवतात. मंजूर संख्या अवघी २८. ते बायकामुलांसह राहतात, शेती करतात. पळून जाणाऱ्याला अडवील अशी भिंत मात्र नाही.

ही कल्पना सरकारी कचेरीत जन्मली नाही. आटपाडी तेव्हा औंध संस्थानचा मुलूख. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. बहात्तर गावांचे हे संस्थान सलग नव्हते, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांनी सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली आणि गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना १९३९ च्या जानेवारीत लागू झाली. गावोगाव पंचायती आल्या. या खटपटीत राजपुत्र अप्पासाहेब पंतांबरोबर एक विलक्षण माणूस होता, मॉरिस फ्रिडमन. हा पोलंडमधला ज्यू अभियंता बंगळुरूला विजेच्या सामानाचा कारखाना सांभाळायला आला आणि गांधीजींच्या ओढीने खादी नेसून 'भारतानंद' झाला. ज्या वर्षी संस्थानच्या प्रजेला स्वराज्य मिळाले त्याच वर्षी, १९३९ मध्ये, त्याच्या आग्रहावरून राजांनी कैद्यांसाठी ही मोकळी वसाहत काढली. स्वतः परमुलखातून आलेल्या माणसालाच हे सुचावे, याचे आम्हाला नवल वाटत नाही.

जागा निवडली तीही माणदेशातली. इथे पाऊस हुलकावणी देतो, माळावर कुसळे उगवतात. धडधाकट, अब्रूदार शेतकरीही जिथून पोटासाठी बाहेर पडत, तिथे कैद्यांनी शेती करून राहायचे होते.

संस्थान १९४८ साली विलीन झाले. आटपाडीचा भाग १९४९ मध्ये नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. राजा गेला, त्याची घटना गेली, पंचायतींचे कायदे बदलले. वसाहत मात्र राहिली, आज ती राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे.

बाहेरच्या जगाला ती कळली सिनेमामुळे. औंध संस्थानातच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. सिनेमा थोर आहे, पण त्यातले सहा कैदी एकटे आहेत आणि त्यांना सरळ ठेवतात ते जेलरचे दोन डोळे. स्वतंत्रपुरात आज जे धरून ठेवते ते वेगळे असावे असे आम्हाला वाटते. चुलीवर भाकरी टाकणारी बायको, दप्तर घेऊन निघालेले पोर, उभे पीक. पळून जाईल तो हे सगळे टाकून जाईल.

धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांनी याच मुलखातल्या धनगरवाडीवर 'बनगरवाडी' लिहिली, १९५५ साली. तिच्या इंग्रजी भाषांतराला 'भिंती नसलेले गाव' अशा अर्थाचे नाव मिळाले. तिथे मास्तरच्या आसऱ्याला आलेला आयबू मुलाणी आम्हाला फार जवळचा. शेवटी दुष्काळात वाडी उठते. पिढ्यांची वाडी ओस पडते आणि पिढी नसलेली वसाहत ऐंशी वर्षांहून अधिक टिकते, हे एकाच माळावरचे.

फार गोड चित्र रंगवू नये. इथला पुरुष हजेरीला बांधलेला आहे. शिक्षा भोगत असल्यामुळे त्याला मतदानाचा हक्क नाही. पंचायतराज्याच्या पहिल्या प्रयोगातून निघालेल्या वसाहतीत हे असे. जमीन कसतो ती त्याची नव्हे. शिक्षा संपली की घर रिकामे करायचे, तिथे दुसरा येणार. मग परत जायचे त्या जुन्या गावात, जिथे ज्याच्या घरचा माणूस गेला तो अजून राहतो आहे, आणि पारावर बसलेल्यांना सगळे आठवते.

मुलांचे तेवढे निराळे. ती याच माळावर मोठी होतात. आटपाडीच्या बाजारात त्यांना कुणी गाव विचारले तर ती स्वतंत्रपूरच सांगत असतील. आणि मूळ गाव विचारले तर आईकडे बघत असतील.