खाण पर्यटन, भूमिगत (विदर्भ)

जमिनीखालच्या खाणीत पर्यटकांना उतरवून तिथली रचना आणि काम दाखवण्याचा उपक्रम. महाराष्ट्रात तो नागपूर जिल्ह्यातील सावनेरच्या दगडी कोळशाच्या खाणीत सुरू झाला. वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि) आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी 2016 च्या अखेरीस त्यासाठी करार केला. सावनेरच्या जोडीला गोंडेगावची उघडी खाणही त्यात घेतली गेली.

अशा पर्यटनाची जगभर गाजलेली उदाहरणे मात्र मिठाच्या खाणींची आहेत. पोलंडमध्ये क्राकूव शहराजवळच्या व्येलिच्का खाणीतून तेराव्या शतकापासून 1996 पर्यंत मीठ निघत होते. युनेस्कोच्या 1978 मधील पहिल्या जागतिक वारसा यादीतील 12 स्थळांत तिचा समावेश झाला. खाण 327 मी. खोल असून तिला नऊ मजले आहेत. पर्यटक सुमारे 380 लाकडी पायऱ्या उतरून 64 मी. खोलीवर पोचतात आणि पुढे 135 मी. पर्यंत जातात. वाटेत 101 मी. वर संत किंगाचे प्रार्थनागृह लागते. त्याची फरशी, भिंतींवरची शिल्पे, झुंबरांचे लोलक, सारे मिठाचेच आहे. पाकिस्तानातील खेवडा खाणीत रुळांवरच्या छोट्या गाडीतून आत जाता येते; तिथे मिठाच्या विटांची मशीद आहे. मराठी घरांत उपासाला लागणारे सैंधव पूर्वापार खेवड्याच्याच डोंगररांगेतून येत असे. भारतात खनिज मीठ हिमाचल प्रदेशात मंडीजवळ द्रंग व गुम्मा येथे सापडते. महाराष्ट्रातले मीठ मात्र किनाऱ्यावरच्या मिठागरांचे, त्यामुळे इथे मिठाची खाण पाहायला मिळणे शक्य नाही.

मिठाची जुनी खाण टिकते आणि कोळशाची बहुधा टिकत नाही, याचे कारण थरात आणि खणण्याच्या पद्धतीत आहे. मिठाचा थर घट्ट असतो, त्यातून पाणी सहसा झिरपत नाही. खेवड्यात निम्मे मीठ खांबांच्या रूपात जागेवरच ठेवतात, म्हणून काम संपले तरी दालने उभी राहतात. अर्थात मिठालाही ओल सोसत नाही. दमट हवेने शिल्पे झिजू लागल्याने व्येलिच्का 1989 मध्ये धोक्यातील वारशांच्या यादीत गेली होती. कोळशाच्या खाणीतही आधी खांब ठेवूनच गल्ल्या पाडतात, पण शेवटी खांबांतला कोळसाही काढून घेतात. मग मागचे छत खाली येऊ देतात किंवा पोकळीत वाळू भरतात. कोसळलेल्या भागाला खाणकामगार ‘गोफ’ म्हणतात. तिथे पाणी साचते, मिथेन वायू जमतो. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याची खाण 1870 च्या दशकातली. तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. 1906 मध्ये ती बंद झाली. इतिहास एवढा मोठा, पण आज उतरून पाहावे असे तिथे काही उरलेले नाही.

म्हणूनच विदर्भात पर्यटकाला चालू खाणीतच जावे लागते आणि तिथे त्याला कामगाराचेच नियम लागू होतात. काडेपेटी, विडी, लायटर वरच ठेवून जावे लागते. डोक्यावर शिरस्त्राण, त्यावर दिवा, पायात जाड बूट. आत गेल्यावर नवख्याला चकित करते ती भिंतींची पांढुरकी छटा. कोळशाची धूळ पेट घेऊ नये म्हणून भिंतींवर आणि जमिनीवर दगडाची भुकटी टाकतात. छताची परीक्षा कानाने होते: काठीने ठोकल्यावर आवाज टणक आला तर दगड पक्का, पोकळ आला तर सुटलेला. मग तो पाडतात किंवा त्याला आधार देतात. हवा पंख्यांनी खेळवलेली असते, तरी उकाडा आणि दमटपणा जाणवतोच. व्येलिच्कातील कोरीव दालनांची शोभा इथे शोधू नये. पाहायचे ते काम.

पूर्व विदर्भाच्या टोकाला चित्र वेगळे आहे. 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचे मुख्य खनिज लोहखनिज असून ते एटापल्ली तालुक्यातील सुरजागडसारख्या डोंगरांवर उघड्या खाणींतून काढतात. तिथे जमिनीखाली उतरण्याचा प्रश्नच येत नाही. याच जिल्ह्यातील कुरखेड्याच्या प्रवाशाला भूमिगत खाणीसाठी वडसामार्गे नागपूर गाठून छिंदवाडा रस्त्यावरच्या सावनेरला जावे लागते. खाण चालू असल्याने भेट आधी ठरवूनच घ्यावी लागते. दमा, हृदयविकार किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी उघड्या खाणीवरच समाधान मानलेले बरे.